ऑफिसचा ईमेल मोबाईलवर घेताना: फोन आपला, पेटी त्यांची

नोकरीच्या पहिल्या दिवशी ओळखपत्र, हजेरीचा अंगठा आणि बँकेचा तपशील हे सोपस्कार झाले की आजकाल आणखी एक काम सांगितले जाते. "ऑफिसचा मेल मोबाईलवर घेऊन ठेवा, सगळे निरोप त्यावरच येतात." नवा माणूस मान डोलावतो आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या हातात फोन देतो. तो सहकारी दोन मिनिटांत चार-पाच वेळा 'अलाऊ' दाबून फोन परत करतो. मेल सुरू होतो. त्या दोन मिनिटांत आपण कोणकोणत्या गोष्टींना होकार दिला, हे मात्र बहुतेकांना कधीच कळत नाही.

आपल्या समाजातील हजारो तरुण-तरुणी आज बँका, कॉल सेंटर, रुग्णालये, कॉलेज, सरकारी कार्यालये आणि खासगी कंपन्यांत काम करत आहेत. त्यातल्या अनेकांच्या घरात ऑफिसात बसून काम करणारी ही पहिलीच पिढी आहे. घरात विचारायला कोणी नसते आणि ऑफिसात विचारले तर 'एवढेही येत नाही का' असे म्हणतील, ही भीती असते. म्हणून ऑफिसचा ईमेल मोबाईलवर कसा घ्यायचा, घेताना काय तपासायचे आणि कोणत्या गोष्टी त्यापासून दूर ठेवायच्या, हे आम्ही या लेखात सविस्तर मांडत आहोत.

आधी एक गोष्ट पक्की समजून घेऊ

ऑफिसने दिलेला ईमेल पत्ता आपल्या नावाचा असला तरी तो आपल्या मालकीचा नसतो. 'अॅट' या चिन्हानंतर ज्या कंपनीचे किंवा खात्याचे नाव येते, पेटी त्यांची असते. त्या पेटीतील मेल त्यांच्या सर्व्हरवर राहतो. त्यांचा अॅडमिन, म्हणजे ही सगळी व्यवस्था सांभाळणारा कर्मचारी, पासवर्ड बदलू शकतो, खाते बंद करू शकतो आणि संस्थेच्या नियमांनुसार मेल उघडून पाहूही शकतो. नोकरी सुटली की बहुधा त्याच दिवशी पेटीला कुलूप लागते.

फोन मात्र आपला आहे. तो आपल्या पैशाने घेतला आहे, रिचार्ज आपण करतो. त्यात लेकरांचे फोटो आहेत, आईच्या दवाखान्याचे रिपोर्ट आहेत, बँकेचे अॅप आहे. अनेक घरांत तर एकच चांगला फोन असतो आणि संध्याकाळी त्याच फोनवर मुलांचा अभ्यासही चालतो. एका फोनमध्ये या दोन गोष्टी एकत्र येतात तेव्हा मध्ये भिंत हवी. ती भिंत कुठे घालायची, हेच खरे शिकण्यासारखे आहे.

जोडण्याआधी विचारायचे चार प्रश्न

ऑफिसच्या आयटी विभागाला किंवा एचआरला हे चार प्रश्न विचारण्यात काहीही कमीपणा नाही.

पहिला: आपला मेल कोणत्या सेवेवर आहे? गुगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो मेल, की कंपनीचा स्वतःचा सर्व्हर? केंद्र सरकारी कार्यालयांच्या मेलची व्यवस्था एनआयसीकडे असते. सेवा कोणती यावर पुढची कृती ठरते.

दुसरा: मेल फोनवर घेणे बंधनकारक आहे का? कामासाठी तो आवश्यकच असेल, तर ऑफिस फोन किंवा डेटाचा खर्च देते का?

तिसरा: फोनवर कोणते नियंत्रण बसवले जाणार आहे? ऑफिसला फक्त मेलचे अॅप पुसता येईल की संपूर्ण फोन?

चौथा: नोकरी सोडताना खाते काढण्याची पद्धत काय आहे?

उत्तर शक्यतो मेलवरच मागावे. तोंडी सांगितलेले नंतर कोणाला आठवत नाही.

प्रत्यक्ष जोडणी: अँड्रॉइड फोन

आपल्याकडे बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन आहे आणि त्यात जीमेलचे अॅप आधीच असते. ते उघडून उजवीकडे वर असलेल्या गोल चित्रावर बोट ठेवा. 'अॅड अनदर अकाउंट' हा पर्याय दिसेल. तो दाबल्यावर गुगल, आउटलुक, याहू, एक्स्चेंज आणि अदर अशी यादी येते.

ऑफिसचा मेल गुगल वर्कस्पेसवर असेल तर 'गुगल' निवडा, ऑफिसचा पूर्ण पत्ता लिहा, पासवर्ड द्या. पत्त्यात 'जीमेल' हा शब्द नाही म्हणून अनेकजण इथे अडखळतात. पत्ता कंपनीच्या नावाचा असला तरी आतली यंत्रणा गुगलची असू शकते, त्यामुळे तो 'गुगल'मध्येच टाकायचा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर आउटलुकचे अॅप प्ले स्टोअरवरून घेणे सोयीचे. ते जीमेलपासून वेगळे राहते, हा त्याचा मोठा फायदा. घरचा मेल एका अॅपमध्ये आणि ऑफिसचा दुसऱ्या अॅपमध्ये असला की चुकीच्या पत्त्यावरून चुकीचा मेल जाण्याचा धोका कमी होतो. झोहोचेही स्वतःचे मेल अॅप आहे.

कंपनीचा स्वतःचा सर्व्हर असेल तर 'अदर' निवडावे लागते. इथे फोन विचारतो: आयमॅप की पॉप? या दोन शब्दांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवर राहतो आणि फोनवर त्याची प्रत दिसते. फोनवर वाचलेला मेल ऑफिसच्या संगणकावरही 'वाचलेला' दिसतो, फोनवर पुसलेला तिथूनही जातो. पॉपमध्ये मेल उतरवून फोनमध्ये घेतला जातो आणि सेटिंग तसे असेल तर सर्व्हरवरून काढूनही टाकला जातो. मग संगणकावर पेटी रिकामी दिसते आणि फोन हरवला तर मेलही गेला. म्हणून ऑफिसच्या कामासाठी आयमॅपच निवडावा.

त्यानंतर येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलसाठी सर्व्हरचे नाव आणि पोर्ट क्रमांक विचारला जातो. सर्व्हरचे नाव ऑफिसकडून घ्यावे लागते. क्रमांक सहसा ठरलेले असतात: सुरक्षित आयमॅपसाठी ९९३, सुरक्षित पॉपसाठी ९९५, मेल पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. मेल येतो पण जात नाही, अशी तक्रार असेल तर जाणाऱ्या मेलचा क्रमांक किंवा तिथला पासवर्ड चुकलेला असण्याची शक्यता जास्त. सुरक्षेच्या पर्यायात 'नन' निवडू नका. 'एसएसएल' किंवा 'टीएलएस' असलेला पर्यायच घ्या. काही फोनमध्ये 'अॅक्सेप्ट ऑल सर्टिफिकेट्स' असाही पर्याय असतो. समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही हे न तपासताच पुढे जा, असा त्याचा अर्थ होतो. मेल चालू होत नाही म्हणून तो दाबू नये, ऑफिसला विचारावे.

आयफोन असेल तर

सेटिंग्जमध्ये मेल या भागात जाऊन 'अॅड अकाउंट' निवडायचे. नव्या आवृत्त्यांत मेलचा भाग 'अॅप्स'च्या आत गेला आहे. सेवा निवडून लॉगिन केले की मेल, कॉन्टॅक्ट्स, कॅलेंडर, नोट्स अशी बटणांची रांग दिसते. बहुतेकजण सगळी सुरू ठेवतात. आमचा सल्ला असा की मेल आणि कॅलेंडर सुरू ठेवा, बाकीच्यांची खरोखर गरज आहे का ते पाहा. आयफोनच्या मेलमध्ये शेवटी 'सेंट फ्रॉम माय आयफोन' अशी ओळ आपोआप जाते. ती काढून तिथे आपले नाव, हुद्दा आणि विभाग लिहा. वरिष्ठांना, ग्राहकांना जाणाऱ्या मेलवर हेच शोभते.

पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन का होत नाही?

जुन्या मेल अॅपमध्ये नुसता पत्ता आणि पासवर्ड टाकला की काम होत असे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या ऑनलाइन एक्स्चेंज सेवेत ही जुनी पद्धत बंद करायला सुरुवात केली. गुगलनेही वर्कस्पेससाठी नुसत्या पासवर्डवर चालणारे लॉगिन बंद केले आहे. आता अॅप आपल्याला सेवेच्या स्वतःच्या लॉगिन पानावर नेते. तिथे पासवर्ड दिल्यावर दुसरी खातरजमा मागितली जाते: एसएमएसवरचा ओटीपी, ऑथेंटिकेटर अॅपमधला आकडा किंवा 'होय, मीच आहे' असे बटण. त्यामुळे फार जुने अॅप वापरत असाल तर पासवर्ड शंभर वेळा टाकूनही उपयोग होत नाही. अॅप बदलणे हाच उपाय.

ऑथेंटिकेटरबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपण लॉगिन करत नसताना मंजुरीची विचारणा आली तर ती नाकारा आणि ऑफिसला कळवा, कारण दुसऱ्या कोणाकडे आपला पासवर्ड पोहोचला आहे असा त्याचा अर्थ असू शकतो. आणि जुना फोन विकण्यापूर्वी किंवा भावाला देण्यापूर्वी ऑथेंटिकेटर नव्या फोनवर सुरू करून घ्या. नाहीतर सोमवारी सकाळी ऑफिसच्या दारातच अडकाल.

तो पडदा वाचल्याशिवाय 'अलाऊ' दाबू नका

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. खाते जोडताना कधीकधी एक पडदा येतो. त्यात लिहिलेले असते की हा सर्व्हर आपल्या फोनच्या काही गोष्टींवर नियंत्रण ठेवेल: स्क्रीन लॉकचे नियम ठरवेल, फोन आपोआप लॉक करेल, कॅमेरा बंद करू शकेल, सर्व डेटा पुसू शकेल. हे 'डिव्हाइस अॅडमिन'चे अधिकार. यातला शेवटचा अधिकार दिला असेल तर ऑफिसला दूर बसून संपूर्ण फोन रिकामा करता येतो. उद्देश वाईट नसतो. कर्मचाऱ्याचा फोन रिक्षात विसरला तर ग्राहकांची माहिती भलत्याच्या हाती जाऊ नये, म्हणून ही सोय केलेली असते. पण चुकून किंवा घाईत ती वापरली गेली तर ऑफिसच्या मेलबरोबर घरचे फोटोही जातात.

यावर चांगला मार्ग उपलब्ध आहे. अँड्रॉइडमध्ये 'वर्क प्रोफाइल' नावाची सोय २०१४ साली आलेल्या लॉलीपॉप आवृत्तीपासून आहे. ऑफिसने ती दिली की फोनमध्ये कामाचा एक वेगळा कप्पा तयार होतो. त्यातल्या अॅपवर छोट्या ब्रीफकेसचे चिन्ह असते. कामाचा मेल, कामाच्या फाइली त्या कप्प्यात राहतात. ऑफिसला तो कप्पा पाहता येतो, पुसता येतो. बाहेरचे आपले फोटो, व्हॉट्सअॅप, खासगी मेल त्याला दिसत नाहीत. सुट्टीच्या दिवशी संपूर्ण कप्पा एका बटणाने थांबवताही येतो. आयफोनमध्येही खासगी फोनसाठी अशीच वेगळी नोंदणी २०१९ पासून उपलब्ध आहे.

वर्क प्रोफाइल नसेल तर दुसरा पर्याय म्हणजे सेवेचेच अॅप वापरणे. उदाहरणार्थ, आउटलुकच्या अॅपमध्ये एक्स्चेंजवरून आलेला पुसण्याचा आदेश त्या अॅपमधल्या डेटापुरताच चालतो. फोनसोबत आलेल्या मेल अॅपमध्ये तेच खाते जोडले तर आदेश संपूर्ण फोनला लागू होऊ शकतो. तिसरा पर्याय सगळ्यांत साधा: खाते जोडायचेच नाही, ब्राउझरमध्ये लॉगिन करून मेल पाहायचा आणि काम झाले की बाहेर पडायचे. दिवसातून दोनदाच मेल पाहावा लागत असेल तर हेच पुरे.

कोणताही मार्ग घ्या, त्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवा. आणि फोनला चार नव्हे, सहा आकडी पिन लावा. घरातली मुले फोन वापरत असतील तर मेलच्या अॅपला वेगळे लॉक लावा. लहान बोटांनी गेलेला एक मेल खुलासा मागायला पुरेसा असतो.

नंबर आणि फोटो कुठे साठत आहेत?

खाते जोडल्यानंतर एक बारीक गोष्ट बदलते आणि ती बऱ्याच उशिरा लक्षात येते. फोनमध्ये नवीन नंबर सेव्ह करताना तो 'कोणत्या खात्यात' साठवायचा हे ठरलेले असते. तिथे ऑफिसचे खाते निवडले गेले असेल तर मामांचा, डॉक्टरांचा, विहारातल्या उपासकांचा, सगळ्यांचे नंबर ऑफिसच्या पेटीत जमा होतात. नोकरी सुटून खाते काढले की ते नंबरही फोनमधून नाहीसे होतात. म्हणून कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये मूळ खाते आपले खासगीच ठेवा.

फोटोंचेही तसेच. गुगल फोटोजच्या अॅपमध्ये वर कोणते खाते निवडले आहे ते पाहा. तिथे ऑफिसचे खाते असेल आणि बॅकअप सुरू असेल, तर बहिणीच्या लग्नाचे फोटो ऑफिसच्या जागेत साठतात. क्रोम ब्राउझरही कोणत्या खात्याने उघडला आहे ते तपासा. आपण काय शोधतो, कोणती पाने वाचतो याची नोंद त्या खात्याशी जोडली जाऊ शकते.

कोणते काम कोणत्या पत्त्यावरून?

आमच्या मते हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा: आयुष्यभर टिकणाऱ्या गोष्टींना आयुष्यभर टिकणारा पत्ता द्यावा. बँक, पीएफचे यूएएन खाते, आयकर, डिजिलॉकर, मुलांची शिष्यवृत्ती, विमा या सगळ्यांना खासगी ईमेलच द्या. तिथे ऑफिसचा पत्ता दिला आणि नोकरी सुटली, तर पासवर्ड विसरल्यावर येणारी लिंक बंद झालेल्या पेटीत जाते.

दुसरी नोकरी शोधण्यासाठी ऑफिसचा मेल कधीही वापरू नये. सामाजिक संघटनेचे निरोप, जयंतीच्या वर्गणीचे हिशेब, राजकीय चर्चा यांनाही त्या पेटीत जागा नाही. त्यात लपवण्यासारखे काही असते म्हणून हे सांगत नाही. ती पेटी दुसऱ्याची आहे आणि तिच्यातला मजकूर कोणत्या दिवशी, कोणत्या हेतूने वाचला जाईल हे आपल्या हातात नसते.

आणखी एक गंभीर मुद्दा. कामाच्या ठिकाणी जातीवरून टोमणे, पदोन्नतीत डावलणे, लैंगिक छळ अशा तक्रारी करण्याची वेळ आली, तर तक्रार ऑफिसच्या मेलवरून करावी लागली तरी तिची प्रत आपल्याजवळ हवी. लैंगिक छळाविरोधातील २०१३ च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते. अशा वेळी तारीख आणि वेळेसह जपलेला मेल फार उपयोगी पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद, आवश्यक प्रमाणपत्रासह, पुरावा म्हणून मांडता येते. नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा मूळ मेल जपलेला असणे केव्हाही बळकट. वकिलाशी किंवा संघटनेशी सल्लामसलत मात्र खासगी पत्त्यावरूनच करावी.

आपले कागद वेळीच आपल्याकडे घ्या

नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, वेतनवाढीचे पत्र, बदलीचा आदेश, रजामंजुरी, अनुभव प्रमाणपत्र: हे आपल्या नावाचे कागद आहेत. ते आले की त्याच आठवड्यात डाउनलोड करून खासगी जागेत ठेवावेत. कंत्राटी कामगारांनी याबाबत विशेष जागरूक असावे. कंत्राटदार बदलतो, पेटी बंद होते आणि मग पीएफ मागायला किंवा ग्रॅच्युइटीसाठी सेवेची वर्षे सिद्ध करायला हातात एकही कागद उरत नाही.

पण इथे एक रेषा आहे आणि ती ओलांडू नये. ग्राहकांच्या याद्या, निविदा, रुग्णांची माहिती, परीक्षेचे कागद, ऑफिसचे अंतर्गत अहवाल हे आपले नाहीत. ते खासगी पत्त्यावर पाठवले तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. परवानगीशिवाय डेटा उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते आणि ते अप्रामाणिक हेतूने केले असेल तर कलम ६६ लागते. सरकारी कर्मचाऱ्यांनी तर अधिक सावध असावे. केंद्र सरकारच्या २०१५ च्या ईमेल धोरणात सरकारी पत्त्यावरचा मेल खासगी पत्त्यावर फॉरवर्ड करण्यास मनाई आहे. म्हणून आपल्या नावाचा कागद तेवढा डाउनलोड करावा. 'सगळे मेल आपोआप फॉरवर्ड' असे सेटिंग कधीही लावू नये.

कायदा किती साथ देतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय पुट्टस्वामी खटल्यात दिला. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी तो जोडलेला आहे. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम आला. मात्र याच कायद्यात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याचा डेटा वेगळ्या संमतीविना वापरण्याची मुभाही आहे. म्हणजे कायदा पाठीशी आहे, पण फोनचे सेटिंग कायदा येऊन बदलणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

रात्री दहाचा मेल

ऑफिस फोनमध्ये आले की ते घरीही येते. जेवताना, मुलांना झोपवताना, रविवारी विहारात बसलेले असताना टिंग वाजते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्याच काळातली. कामाला वेळेची सीमा हवी, हा विचार आपल्याला नवा नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरील संपर्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाट करावी लागते. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशाच हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही.

तोपर्यंत आपल्या हातात असलेले करू या. मेलच्या अॅपची सूचना ठरावीक वेळेनंतर बंद ठेवा. आउटलुकमध्ये त्यासाठी 'डू नॉट डिस्टर्ब'चे वेळापत्रक लावता येते, आयफोनमध्ये 'फोकस' आहे, अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल थांबवता येते. खरोखर तातडीचे असेल तर फोन करा, असे वरिष्ठांना नम्रपणे सांगून ठेवा. आणि आपण स्वतः वरिष्ठ असाल तर रात्री सुचलेला मेल 'शेड्यूल सेंड' वापरून सकाळी नऊला पाठवा. हाताखालच्या माणसाची झोप जपणे आपल्याही हातात आहे.

फसवा मेल ओळखा

फोनच्या छोट्या पडद्यावर पाठवणाऱ्याचे फक्त नाव दिसते, पूर्ण पत्ता झाकलेला असतो. याचाच फायदा चोर घेतात. साहेबांच्या नावाने 'मीटिंगमध्ये आहे, ताबडतोब एवढे पैसे पाठव' असा मेल येतो. अशा वेळी नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता पाहा. 'पेटी भरली आहे, इथे पासवर्ड टाका' अशा लिंक उघडू नका. शंका आली तर साहेबांना थेट फोन करा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता जास्त.

फोन हरवला किंवा नोकरी सुटली

फोन हरवला तर आधी ऑफिसला कळवा, कारण त्यांना खाते लगेच बंद करता येते. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून आपल्या गुगल किंवा अॅपल खात्यात जाऊन हरवलेला फोन लॉक करा. सिम बंद करून त्याच नंबरचे नवे घ्या. पोलिसांत तक्रार नोंदवून तिच्या प्रतीसह संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय क्रमांक ब्लॉक करता येतो. हा क्रमांक फोनवर स्टार हॅश ०६ हॅश डायल केल्यावर दिसतो. तो आजच वहीत लिहून ठेवा, फोन गेल्यावर तो कुठे पाहणार?

नोकरी सोडताना राजीनामा देण्यापूर्वीच आपल्या नावाचे कागद घेतलेले असावेत. शेवटच्या दिवशी फोनमधून ऑफिसचे खाते स्वतः काढा. वर्क प्रोफाइल असेल तर तो काढा. मग सेटिंग्जच्या सुरक्षा विभागात 'डिव्हाइस अॅडमिन अॅप्स'ची यादी उघडून ऑफिसचे कोणतेही अॅप अधिकार धरून बसले नाही ना, ते पाहा. खाते काढल्याची माहिती एका ओळीच्या मेलने एचआरला द्या.

ज्यांनी ऑफिसचा मेल आधीच फोनवर घेतला आहे त्यांनाही उशीर झालेला नाही. आज संध्याकाळी दहा मिनिटे काढा. डिव्हाइस अॅडमिनची यादी, कॉन्टॅक्ट्सचे मूळ खाते आणि फोटोंचा बॅकअप या तीन जागा तपासा. आणि बँक, पीएफ, डिजिलॉकर यांना कोणता ईमेल दिला आहे तेही पाहून घ्या. वस्तीत, विहारात, मित्रांच्या गटात कोणी नव्याने नोकरीला लागले असेल तर त्याच्या शेजारी बसून त्याच्याकडूनच हे करून घ्या. फोन त्याच्याच हातात राहू द्या आणि प्रत्येक पडदा त्यालाच वाचू द्या.